सावनेरच्या विहिरी आणि विधानसभेची गॅलरी

नागपूर स्टेशनवर उतरले तेव्हा पहाटेच्या गारठ्यात माझा पुण्याचा स्वेटर अगदीच कुचकामी ठरला. सत्तरच्या दशकातला तो डिसेंबर. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन सुरू होतं. खाणींचं नियमन केंद्राने करायचं की राज्याने, यावर मी प्रबंध लिहीत होते आणि सभागृहात असे प्रश्न कसे हाताळतात ते मला पाहायचं होतं. मुक्काम सक्करदऱ्यात, मैत्रिणीच्या मावशीकडे.

प्रेक्षकांच्या पासासाठी रांगेत उभी राहिले. पुढे पन्नाशीच्या यशोदाबाई होत्या, सावनेरजवळच्या एका खेड्यातल्या. शेजारची कोळशाची खाण खोल गेली आणि त्यांच्या गावच्या विहिरी आटल्या.

“तू काहून (कशाला) आली वं पोरी?”

खाणींच्या कायद्याचा अभ्यास करतेय म्हटल्यावर त्यांनी माझा हातच धरला. “मंग आमच्या आमदारायले सांग ना काही. त्याईची लक्षवेधी वापस आली.”

आमदार कॅन्टीनबाहेर भेटले. वैतागलेले होते. “खाण केंद्राची म्हणून सूचना नाकारली.”

“खाणीचं नावच काढू नका,” मी म्हटलं. “पिण्याचं पाणी राज्याचा विषय आहे. पाण्यावर विचारा.”

ते उभ्याउभ्याच नवी सूचना लिहू लागले.

ती सभागृहाच्या कामकाजात लागेपर्यंत आम्ही दोघी रोज गॅलरीत बसायचो. दुपारी बाहेर झाडाखाली यशोदाबाई भाकर आणि पाटोडी (बेसनाची वडी) रस्सा काढायच्या. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

“पुण्याले तिखट भेटत नाही का वं?” त्या हसल्या.

अखेर लक्षवेधी पुकारली गेली. मंत्री म्हणाले, अहवालानुसार गावच्या विहिरींना पुरेसं पाणी आहे.

यशोदाबाई ताडकन उठल्या. “मंग तुम्हीच येऊन बादली सोडून पाहा ना गा!”

खाली हशा पिकला. रक्षक धावले. “या माझ्यासोबत आहेत,” मी बोलून गेले आणि माझाही पास अधिवेशन संपेपर्यंत रद्द झाला.

बाहेर त्या पदराने डोळे पुसत होत्या. “मीच बिघडवलं सारं. तुहंही काम गेलं.”

माझी टिपणं अर्धीच झाली होती. तेवढ्यात आमदार लगबगीने आले. “उद्या अधिकारी येणार विहिरी पाहायला. तुमच्या बादलीचाच मुद्दा मी उचलून धरला आणि मंत्र्यांनी सभागृहात कबूल केलं!”

काम नव्हतंच, म्हणून दुसऱ्या दिवशी मीही बसने त्यांच्या गावी गेले. अधिकाऱ्याने खरोखरच बादली सोडली. वर आली ती चिखल घेऊन. अख्खं गाव भोवती उभं होतं. अधिकाऱ्याने हात झटकले आणि टँकरचा हुकूम तिथेच दिला.

पुण्याला परतल्यावर मार्गदर्शकांनी अपुऱ्या टिपणांबद्दल बोलून घेतलं. प्रबंधातलं ते प्रकरण मी पुढच्या हिवाळ्यात पुन्हा जाऊन पूर्ण केलं. तेव्हा गावात टँकर येत होता, पण दिवसाआड. नळ अजून यायचा होता. राज्यघटनेतली केंद्राच्या विषयांची सूची आणि राज्याच्या विषयांची सूची यांच्यामधली जागा कागदावर फार अरुंद दिसते. तिथे माणसं राहतात, हे मी पाहून आले होते.