गोधडीतलं लग्न
कपाट आवरताना कॅमेऱ्याच्या रोलची जुनी काळी डबी सापडली आणि आमच्या अप्पांची आठवण झाली. ताईच्या लग्नात त्यांनी पहिल्यांदाच डिजिटल कॅमेरा वापरला होता. रोलला उजेड लागला की फोटो जातात, हे मात्र त्यांच्या हाडात मुरलेलं. म्हणून मेमरी कार्ड काढायला ते ऐन मे महिन्यात डोक्यावरून गोधडी घेऊन बसले. "अप्पा, कार्डाला उजेडानं काय होत नाय," मी म्हणालो. "गप रे! सगळं लग्न जाईल," गोधडीतून आवाज आला. घामानं निथळत बाहेर आले, तेव्हा कार्ड या डबीत बंद होतं. शहागंजच्या स्टुडिओत एकूण एक फोटो स्वच्छ निघाले. "गोधडी कामाला आली का नाय?" अप्पांनी ऐटीत विचारलं. आज घरात मी एकटाच होतो, तरी डबी उघडण्याआधी उठून खिडकीचा पडदा ओढून घेतला.