अहो, डबा!

भाचीने मला एक कादंबरी दिलेली. ऑफिसातलं प्रेम, आयुष्याची नवी सुरुवात, वगैरे. "मावशी, वाच गं, अगदी तुझ्यासारखी आहे ती." डोंबल माझ्यासारखी! ती बाई घटस्फोटानंतर नोकरीच्या पहिल्याच दिवशी देखण्या मालकाबरोबर लिफ्टमध्ये अडकते. घोडबंदर रोडवरच्या आमच्या ऑफिसची लिफ्टही अडकलेली, नाही असं नाही. आत आम्ही सातजण, आणि एकाच्या हातात मिसळीचं पार्सल. प्रेम कसलं, मला मळमळायला लागलेलं.

घटस्फोट मात्र माझाही झालेला. पंचेचाळिशीत डोंबिवलीला आईकडे परत आले आणि इथे अकाउंट्समध्ये लागले. पहिल्याच दिवशी एचआरच्या मुलीने बजावलं, "इथे सर-मॅडम नाही हं. आपण सगळे फॅमिली. फक्त नावाने हाक मारायची." आणि मला लगेच एकेरीत हाक मारून मोकळी झाली. माझ्या भाचीपेक्षा लहान पोरगी!

पोराटोरांना नावाने हाका मारायला मी शिकले. अडलं ते समोरच्या टेबलापाशी. तिथे कोपरीचे एक गृहस्थ बसायचे. पन्नाशीचे, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, खिशात कायम ॲसिडिटीची गोळी. कादंबरीतल्या नायकाला छाती होती, यांना पोट. पण जेवताना आपल्या डब्यातली काकडीची कोशिंबीर आधी माझ्या झाकणात वाढायचे, मग स्वतः घ्यायचे. कोणीतरी मला आधी वाढतंय, हेच मला नवीन होतं. आवडले मला ते. त्यात लाजायचं काय!

पण हाक काय मारू? नाव घ्यायला जीभ रेटेना. 'सर'ला बंदी. उरलं 'दादा'. आणि एकदा दादा म्हटलं की संपलंच की हो सगळं, मग पुढे राखी नि ओवाळणी! म्हणून मी नुसती खाकरायचे, स्टेपलर आपटायचे. त्यांना वाटलं, मला खोकला झालाय. त्यांनी ज्येष्ठमध आणून दिलं.

एका संध्याकाळी ते डबा टेबलावरच विसरून निघाले. लिफ्टचं दार उघडलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो! डबा!"

अख्खा मजला वळून बघायला लागला. अहो! नवऱ्याला मारायची हाक! मागून एक कार्टं म्हणालं, "ओहोहो, अहो!" आणि जो काय हशा पिकला! ते वळले, परत आले, डबा उचलला आणि कानापर्यंत लाल होऊन गेले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

दुसऱ्या दिवशी फॅमिली मीटिंगला बसली. एचआरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सीनिअर लोकांना नावाने ऑकवर्ड होत असेल, तर दादा-ताई चालेल." मग माझ्याकडे बघून, "तू त्यांना दादा म्हण ना, प्रॉब्लेमच सॉल्व्ह!" सगळे माना खाली घालून हसत होते. त्यांनी मात्र मुकाट मान डोलावली. सरळमार्गी माणूस, हा नियम पाळणार. आता यांनी एकदा ताई म्हटलं की माझं सगळं तिथेच आटोपलं.

जेवायची सुट्टी झाली. मी मुद्दाम फायलीत डोकं खुपसून बसले. ते डबा घेऊन माझ्या टेबलापाशी आले. आजूबाजूचे कीबोर्ड एकदम थांबले.

"अहो," ते म्हणाले, चांगलं सगळ्यांना ऐकू जाईल असं, "कोशिंबिरीला पाणी सुटतंय. येताय ना?"

अख्खा संसारभर मी एका माणसाला अहो, अहो करत होते. तो मोबाइलमधून डोकं वर काढत नसे. आणि त्या घरात मी नुसती 'ए' होते. मला कोणी अहो म्हणू शकतं, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

डोळे पुसले आणि झाकण उचललं.

"आले हो," म्हटलं.