श्रावणी सोमवारची ती गोळी

वीस वर्षांत आपला एकही श्रावणी सोमवार मोडला नाही, हे माझं अख्ख्या सोलापूरला सांगून झालं होतं. अक्कलकोटच्या पुढं कर्नाटकातही बातमी पोचली असावी. घरचा नेम कडक. दिवेलागणीला पूजा, मग आईचा पहिला घास, त्यानंतरच बाकीच्यांचा.

गेल्या श्रावणात डॉक्टरांनी नुकतीच मधुमेहाची गोळी सुरू केली होती, नाश्त्याआधी घ्यायची. नाश्ता नव्हताच; पण गोळी म्हणजे अन्न नव्हे, असा निकाल मीच दिला आणि गिळली.

अकराला माझ्या चादरीच्या दुकानात बसवेना. घडी केलेल्या चादरी उलगडल्या, पुन्हा घड्या घातल्या, गिऱ्हाइकावर विनाकारण खेकसलो आणि तडक घरी आलो. घाम असा, की शहराला दोन दिवस पाणी पुरावं. छातीत चार यंत्रमाग एकदम सुरू.

"बसा की जरा," बायको म्हणाली.

"मला काय झालंय बसायला?" म्हणत मी आणखी दोन येरझारा घातल्या.

तिनं साखर तपासायला माझ्या बोटाला सुई टोचलीच. "साखर लई खाली गेलीय! गूळ खावा आधी."

"संध्याकाळपतुर काय मरत न्हाय मी."

देवघरातून आई, आमची अव्वा, आली. ऐंशी वर्षांची, पहाटेपासून नुसत्या पाण्यावर. "का खाईना झालाय ह्यो?"

"अव्वा, तुज्या आदी कसं खाऊ?" थरथरतानाही माझी ऐट शाबूत होती.

आईनं गुळाचा खडा उचलून सरळ आपल्या तोंडात टाकला. साठ वर्षांचा नेम! "सुटला उपास. घाल आता तोंडात, येड्या."

मी गूळ खाल्ला, वर साखरपाणी प्यालो. थरथर ओसरली, तरी पाय थांबेनात.

बायकोनं डॉक्टरांना फोन लावून माझ्या हाती दिला. ते म्हणाले, "अहो, उपाशीपोटी यकृत साठवलेली साखर जपून रक्तात सोडतं. साठा आटला की नवी बनवतं, शिवाय चरबी जळून अंगाला बळ मिळतं. म्हणून माणूस दिवस काढतो. तुमच्या गोळीनं साखर खाली ढकलली, यकृतानं पुरवावी तरी किती? मला विचारल्याशिवाय पुन्हा उपास नाही."

लोकांना मी सांगतो, उपास मी नाही, आईनं मोडला. ती ऐकते, नाही म्हणत नाही.

पुढच्या सोमवारी सकाळी आठ वाजताच तिची पूजा आटोपली. माझ्या ताटलीशेजारी गोळी मांडली आणि उपिटाचा पहिला घास तिनं घेतला.