मिठाचं पाणी, मीठा पानी

रायपूरच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवतो. पाण्याचा खारटपणा बदलला की मासे कसं जुळवून घेतात, हा माझा हुकमी धडा. नदीतल्या माशाच्या अंगात सतत पाणी शिरतं, म्हणून तो पाणी जवळजवळ पीतच नाही. नुसतं बाहेर टाकतो आणि कल्ल्यांनी क्षार ओढून घेतो. समुद्रातला मासा उलट घटाघटा पितो आणि कल्ल्यांतून मीठ बाहेर टाकतो. काही जातींना दोन्ही जमतं, पण सवय व्हायला वेळ लागतो. हे मी अशा ऐटीत सांगतो, जणू कल्ले मलाच फुटलेत.

घरात मात्र मी पक्का एकाच पाण्यातला. पिढ्या गेल्या छत्तीसगडात, तरी पोरीशी मराठीतच बोलायचं, हा माझा हट्ट. तिला सगळं समजतं अशी माझी खात्री होती. उत्तर ती हिंदीतच देते.

एका दुपारी तिचा फोन आला. तिची लाडकी गोल्डफिश आडवी पडली होती. "पापा, कुछ करो ना!" ती रडत होती. माझ्यातला विद्वान जागा झाला. आजारी माशाला किंचित खारट पाण्यात ठेवलं की अंगात शिरणारं पाणी कमी होतं, त्याला जरा दम खाता येतो.

"रडू नको. मिठाचं पाणी कर अन् तिले त्यात सोड. लहान बादलीत दोन चमचे."

"हव," ती म्हणाली.

मी निवांत तास संपवला. शंकर नगरला घरी पोचलो तर बादलीच्या काठावर मुंग्यांची रांग. बोट बुडवून चाखलं. गोड.

"साखर काहून टाकली?"

"आपने ही तो बोला था, मीठा पानी!"

माझी जपलेली मराठी पोरीच्या कानात शिरता शिरता हिंदी होऊन गेली होती, आणि गुरुजींना पत्ताच नव्हता.

"नमक ला, नमक! जल्दी!" मी ओरडलो. हट्ट गेला चुलीत. पाणी बदललं, मीठ घातलं. मासोळीचे कल्ले कसेबसे हलत होते, मग तेही थांबत थांबत. मला लाज वाटत होती आणि भीतीही.

पोरगी माझ्या दंडाला चिकटली. मी रागावलोय असं तिला वाटलं असावं.

"बाबा, मासोळी मरून राहिली का?"

तिच्या तोंडून एक अख्खं मराठी वाक्य ऐकायला मी किती वर्षं जीव टाकत होतो.

"नहीं बेटा," मी म्हणालो.