मी येण्याच्या आदल्या दिवशी कोण आलं होतं?

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता... आजही नाही. नातवंडांना उगाच घाबरवते, ती गोष्ट वेगळी. पण हे भर दुपारी घडलं, माझ्याच माहेरी. म्हणून लिहिते.

लातूर जिल्हा नवीनच झाला होता. आमचं गाव अहमदपूरजवळचं. मी सोडलं तेव्हा ते उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. गाव तसूभर हललं नव्हतं, मीच दहा वर्षं हिंडत होते — नवरा ट्रक ड्रायव्हर, आज हैदराबाद, उद्या नाशिक, सगळीकडं भाड्याची खोली. निघताना मायशी भांडले, "या उंबऱ्यात परत पाय ठेवणार न्हाई." आणि बाप गेल्याची तार आली तरी ठेवला नाही. अंगावर धड लुगडं नाही, पण ताठा बघावा तर पाटलिणीचा.

शेवटी कुठल्याच गावचं पाणी आपलं वाटेना. नवरा-पोरांना नांदेडला ठेवून एकटी निघाले. बसमध्ये एकच घोकत होते — माय, चुकले, बापाचं तोंड बघायला यायला पाहिजे होतं.

त्या साली दुष्काळ. टँकर दोन दिवसाआड. शेजारची गोदूमावशी दारातच होती.

"कौशे, सकाळधरनं कुठं गेलतीस? काल तर आलीस."

"मावशी, मी आत्ता येऊन राहिले. ऊन लागलं का तुम्हाला?"

"मला कशाला लागतंय? दोन घागरी पानी सारवनात घातलंस तू, अन् मलाच इचारतीस."

मी हसतच आत शिरले. माय भिंतीला टेकून बसली होती. पाय धरले. "माय, चुकले. बापाचं तोंड बघायला..."

"किती डाव म्हनशील? काल रडलीस की माझ्या मांडीवर. मिटलं आता."

मी खाली पाहिलं. सारवण अगदी ताजं होतं. मी डावखुरी, माझे पट्टे उलटे पडतात. घरात दुसरं कुणी तसं सारवत नव्हतं. पट्टे उलटेच होते. पण पाचही बोटांचे, अगदी स्वच्छ... आणि माझ्या डाव्या हाताची दोन बोटं ट्रकच्या मागच्या फाळक्याखाली तुटून गेली होती. माहेरी कुणाला ठाऊक नव्हतं.

मायनं माझा हात उचलला. कितीतरी वेळ बघत राहिली.

"काल तर धड हुता." मग हळूच, "तू कोन हायस गं?"

तिनं मला ठेवून घेतलं, जेवू घातलं. पुढं आम्ही गावातच राहिलो. मी पुन्हा माफीचं काढलं की म्हणायची, "ती माफी मागून गेली की. तुझं काय ऱ्हायलं?"

मायला मोतीबिंदू म्हणावं, तर गोदूमावशीची नजर घारीची. कुणी थट्टा केली म्हणावं, तर दुष्काळात दोन घागरी कोण सांडील? इतकी वर्षं झाली, मला उत्तर सापडलेलं नाही.

माय गेली त्या सकाळी माझा डावा हात तिच्या हातात होता. ती बोटं चाचपत होती, एकेक करून. पाच होईनात. मग तिनं हात सोडून दिला आणि दाराकडं बघत राहिली.