काका गप्प होतात तिथे

वाळवंटात सायकलवर लांब निघणाऱ्यांना देखणे रस्ते निवडून द्यायचं काम आमची मावशी करते. नवा रस्ता सापडला की ती काकांना सोबत घेऊन आधी स्वतः सायकलने जाऊन येते. वाटभर काकांचं तोंड सुरू असतं: ऊन लागतं, सीट टोचते, वाळू डोळ्यांत जाते. ज्या वळणावर ते गप्प होतात, तिथे मावशी नकाशावर खूण करते.

"आणि कुठेच गप्प नाही झाले तर?" मी विचारलं.

"तर रस्ता बाद. ह्यांच्याइतकी खात्रीची पारख दुसरी नाही."

मिठाच्या पांढऱ्या मैदानाच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यावर काका दिवसभर चकार शब्द बोलले नाहीत. तो रस्ता मावशीने आजवर कुणालाच दिलेला नाही.

"तो आमच्या दोघांचा," ती ठणकावते. "एवढी शांतता मला घरी तरी मिळते का?"