पाठ असलेला नंबर

देवपूरला आमच्या शेजारी कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करणारे एक गृहस्थ राहतात. त्यांच्याकडे एक जाडजूड फोन आहे. त्यात आपल्याला हवी ती सिस्टिम घालता येते. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून बनवलेलं एखादं नवं लिनक्स आलं, की सुटीच्या दुपारी ओट्यावर बसून ते फोनवर चढवतात. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं वर वर सरकत जातात आणि पांझरा नदीचं पाणी बघावं तसे ते बघत राहतात. दर वेळी फोनमधले सगळे नंबर पुसले जातात. त्यांना पाठ एकच, माझा. म्हणून पहिला फोन मला.

"भाऊ, आवाज येस का?"

"येतोय."

की फोन बंद. दोन वर्षांत फोनवर आम्ही याहून जास्त बोललेलो नाही.

गेल्या रविवारी मी दोन तासांवरच्या जळगावला दवाखान्यात बाकावर बसलो होतो. आईचं ऑपरेशन अचानक करावं लागलं होतं, कुणाला कळवलंही नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला.

"भाऊ, आवाज येस का?"

"येतोय."

या वेळी त्यांनी फोन ठेवला नाही.

"येस, पण तुमना आवाज बराबर नही शे. कोठे शेतस?"

मी सांगितलं. दिवे लागायच्या सुमाराला ते माझ्या शेजारी येऊन बसले. बऱ्याच वेळाने खिसा चाचपला आणि हसले.

"फोन ओटावरच राही गया."